चिकटबाईचा वरखर्च

गल्लीत तिला चिकटबाई म्हणत. नावाचे अर्थ दोन, आणि दोन्ही तिला ठाऊक होते. एक, तिचे हात सदा खळीने माखलेले. दूधवाल्याकडून पिशवी घेतली तरी पिशवी सुटायला वेळ लागे. दुसरा, बाई पैशाला चिकट. पहिला अर्थ सोळा आणे खरा होता. दुसरा धादांत खोटा. अकरा वर्षं या बाईइतकं उधळं माणूस त्या गल्लीत दुसरं नव्हतं; फक्त ते गल्लीला माहीत नव्हतं, आणि तिलाही नाही.

ती पुस्तकं बांधायची. फाटलेली, पाठ मोडलेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, पुठ्ठा आणि कापड चढवून उभी करायची. वडील छापखान्यात बायंडर होते. शाळा सुटली की ती त्यांच्या बाकाशी जाऊन बसे, आणि दहाव्या वर्षी पानांच्या घड्या अशा शिवे की मालक म्हणे, "ही पोरगी मुलगा असती तर कामावरच ठेवली असती." वडील त्यावर हसत. त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. बारावी झाली, लग्न झालं. नवरा वीज कंपनीत मीटर वाचणारा. सरळ, निर्व्यसनी, आणि हिशेबातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं अशी ठाम समजूत असलेला. वडील गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं, तिने त्यांचा शिकंजा मागितला. शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा फिरकीचा लोखंडी सांगाडा. भाऊ लगेच हो म्हणाले, कारण तो उचलायला चार माणसं लागत.

तो शिकंजा भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत बसला आणि खोलीची रयाच बदलली. खिडकीखाली पुठ्ठे, दाराआड कापडाचे गठ्ठे, मधोमध तिचं टेबल. कापड उन्हाने विटू नये म्हणून दिवसा पडदा ओढलेला, म्हणून दिवसा दिवा. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद. भर उन्हाळ्यात घामाच्या धारा लागलेल्या आणि दिवा जळतोय, असं उलटं घर पाहून पाहुणे दारातूनच चहा नको म्हणायचे.

काम होतं कॉलेजच्या वाचनालयाचं. वर्षाला सहाशे पुस्तकं. दर पुस्तकामागे अठ्ठेचाळीस रुपये. हा दर ठरला तो असा: पहिल्या वर्षी कॉलेजचा माणूस दारात उभा, ही आत हात धूत होती, आणि नवऱ्याने उंबऱ्यावरच सांगून टाकलं, "पुठ्ठा, कापड, दोरा मिळून वीस. तिची मजुरी अठ्ठावीस. बाकी काय, घरचंच तर आहे!"

घरचंच तर आहे. या तीन शब्दांनी किती बायका बुडाल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मासळीवालीला कुणी म्हणत नाही की टोपली तुझ्याच डोक्यावर आहे, मग वाहणावळ कसली? पण काम घरात होतं म्हटलं की जागा फुकट, दिवा फुकट, चूल फुकट आणि बाईसुद्धा जवळजवळ फुकट.

अकरा वर्षं दर हलला नाही. तीनदा भाडं वाढलं, पुठ्ठा दुप्पट झाला. पुठ्ठ्याची वाढ ती आपल्या मजुरीतून भरायची आणि कुणाला दिसायचीही नाही, कारण मजुरी तिच्याच हातातून तिच्याच हातात येत होती.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात सिलिंडर संपला.

"बावीस दिवस!" नवरा तारखेवर बोट ठेवून म्हणाला. "आई, तू, मी, तिघांचं घर. पस्तीस दिवस जायला हवा. जातो कुठे गॅस?"

"खळीत."

"कशात?"

"खळीत. मैदा शिजवून खळ होते. आपोआप होत नाही. रोज पातेलं चढतं."

"म्हणजे घरचा गॅस कॉलेजच्या पुस्तकांना?"

"अकरा वर्षं."

"मग कॉलेजकडून घे की!" तो चिडून म्हणाला आणि आंघोळीला गेला. बोलायचं म्हणून बोलला. बाथरूममध्ये पोचेपर्यंत विसरलाही असेल. पण ती हातात पळी धरून तशीच उभी राहिली. वाक्य वेडंवाकडं आलं होतं, पण आलं होतं बरोबर.

त्यानंतर महिनाभर तिने घरावर पाळत ठेवली. खळीसाठी छोटा सिलिंडर वेगळा आणला. विजेसाठी नवऱ्यालाच कामाला लावलं. "अहो, पुढच्या खोलीचे दिवे किती खातात हो? तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" म्हटल्यावर तो खुलला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, स्टुलावर चढून घरचं मीटर वाचून आकडे सांगू लागला. आपण कोणत्या खड्ड्याचं माप काढतोय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

कापडाचा हिशेब मात्र काही केल्या जुळेना. सहाशे पुस्तकांना लागायला हवं त्यापेक्षा दरवर्षी कितीतरी जास्त कापड येत होतं. चोरी म्हणावी तर घरात चोर कोण? सासूबाई? त्या कातरणीतून भांडी उतरवायचे फडके शिवत, पण कातरण ती कातरण. शेवटी तिने बांधलेलं एक पुस्तक टेबलावर ठेवलं, फूटपट्टी लावली, आणि लावता लावता हात थांबला. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे ती पुस्तक मिटून मापायची. उंची एवढी, रुंदी एवढी. पण कापड पुठ्ठ्याच्या कडेशी थांबत नाही. चारी बाजूंनी अंगठाभर आत वळतं, तिथे चिकटतं, वरून कागद बसतो आणि दिसेनासं होतं. त्याला दुमड म्हणतात. वडील नोकर होते. त्यांना फक्त पुस्तक मापायचं होतं, कापडाचा पैसा मालक बघायचा. तिने माप उचललं आणि मालक व्हायचं राहून गेलं. अकरा वर्षं, सहा हजार सहाशे पुस्तकांची दुमड तिने कॉलेजला अशीच देऊन टाकली होती.

ती हसत सुटली. सासूबाई आतून आल्या.

"काय गं, वेड लागलं का?"

"आई, मी दुमडीचे पैसेच कधी घेतले नाहीत. दिव्याचे नाहीत, गॅसचे नाहीत, जागेचे नाहीत."

सासूबाईंना बायंडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी पन्नास वर्षं घर चालवलं होतं. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "भाजीत मीठ विसरतात गं. तू चूलच विसरलीस!"

आता हिशेब. ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्याने डोळे मिटावेत, पण मग आपल्या बायकोच्या कामाला छंद म्हणू नये. दुमड आणि मैदा धरून सामान सव्वीस. मजुरी चाळीस, शिवून बांधणारा बायंडर कुठेही पुस्तकामागे तेवढेच घेतो. मग बाकीचं. घरभाडं बेचाळीसशे, खोल्या तीन, म्हणजे पुढच्या खोलीचे चौदाशे. पण संध्याकाळी तिथे नवरा टीव्ही बघतो. म्हणून निम्मे, सातशे. इतकी प्रामाणिक ती होती, आणि हा निम्मा भाग सोडताना तिला जरा रागच आला. दिवे दीडशे. सुऱ्यांना धार आणि शिकंज्याची डागडुजी, दीडशे. महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार, सहाशे पुस्तकांत वाटले की पुस्तकामागे वीस. वर गॅस, टेम्पो आणि बिघडलेला पुठ्ठा मिळून पाच. झाले एक्क्याण्णव. चार नफ्याचे. पंच्याण्णव.

अठ्ठेचाळीसचे पंच्याण्णव. वर्षभराचं काम एकाच गिऱ्हाइकाचं. ते गेलं तर शिकंजा म्हणजे गंजायला ठेवलेलं लोखंड. पण खोडावा कुठे? तिने एकेक ओळ पुन्हा तपासली. कुठेही लबाडी सापडेना. मग तिने कागद घेतला आणि लिहिलं: सामान, मजुरी, नफा. वीस आणि पाच मिळून झालेल्या पंचविसांना नाव काय द्यावं यावर अडली. त्यांच्या घरात वरखर्च म्हणजे पहिल्या तारखेला नवरा ऐटीत हातावर ठेवायचा ते: रिक्षाला, रुमालाला, मैत्रिणीच्या मुलाच्या खाऊला. तिला तोच शब्द हवासा वाटला. तिने ठळक लिहिलं: वरखर्च, पंचवीस.

"पंच्याण्णव?" नवरा ओरडला. "हाकलून देतील! आणि हे वरखर्च काय? तुझा वरखर्च मी देतो ना?"

"तुम्ही मला देता. मी कॉलेजला देत होते. आता मधला माणूस काढून टाकायचा."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस."

"हातचं काय आहे, तेच तर बघायचंय."

कॉलेजला जायच्या आधी तिने आणखी एक उद्योग केला. रद्दीतली जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढली आणि ती काटेकोरपणे अठ्ठेचाळीसच्या दराने बांधली. दरात दुमड नाही, म्हणून कापड पुठ्ठ्याच्या कडेला कापलं. दरात गॅस नाही, म्हणून मैदा गार पाण्यात कालवून तसाच फासला. धार नाही, म्हणून बोथट सुरीने कडा कापल्या; पानांना उंदरांनी कुरतडल्यासारखे दाते आले. पुठ्ठ्याची वाढलेली किंमत मजुरीतून गेल्यावर उरले चोवीस, म्हणून चोवीसपुरतंच शिवलं आणि अर्ध्यात दोरा तोडला. सासूबाई बघत होत्या. "शी!" म्हणाल्या. "हे कुणाच्या तोंडावर मारणार आहेस?"

"हेडक्लार्कच्या."

"मग वर जरा रंगीत कागद लाव."

हेडक्लार्कची खोली वाचनालयाच्या शेजारी. शेजारच्या खुर्चीवर ग्रंथपाल बाई बसल्या होत्या, पुस्तकावर प्रेम असलेल्या पण क्लार्कच्या पुढे न बोलणाऱ्या. क्लार्कने कागद उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"वरखर्च?" तो खुदकन हसला. "बाई, वरची कमाई ऐकली होती. वरखर्च असा उघड बिलात लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"उघड आहे म्हणूनच लावला, साहेब. लपवायचं असतं तर मजुरीत घातला असता."

"हा चहापाण्याचा खर्च आहे का?"

"या खोलीतला दिवा चहापाण्यात धरता तुम्ही?"

"हा कॉलेजचा दिवा आहे."

"आणि माझा घरचा. तुमचा चालला की खर्च, माझा चालला की शोभा?"

ग्रंथपाल बाईंनी खोकला आल्यासारखं केलं. क्लार्कने कागद खाली ठेवला.

"हे बघा, बाजारातला छापखाना बेचाळीसला करतो. त्याचं दुकान आहे, बोर्ड आहे, नोकर आहेत. त्याला परवडतं, आणि तुम्ही तर घरी बसून करता."

"बसून?" ती म्हणाली. "उभं राहून करते. बसून शिकंजा फिरत नाही." आणि तिने पिशवीतून डिरेक्टरी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. रंगीत कागद लावलेला होता.

"हे काय?"

"नमुना. तुमच्या जुन्या दराचा. अठ्ठेचाळीसमध्ये जेवढं येतं तेवढं सगळं यात आहे. एक पै कमी केलेली नाही."

त्याने ती वरच्या पुठ्ठ्याला धरून उचलली. पुठ्ठा हातात आला. डिरेक्टरीचं पोट खाली पडलं आणि अर्धवट शिवलेली पानं खुर्चीच्या पायाशी पसरली. कापडाचे धागे सुटून त्याच्या बाहीला लागले. कच्चा मैदा बोटांना लागला. तो झटकू लागला तसा जास्तच लागला.

"अहो बाई!"

"अकरा वर्षं तुम्हाला जे मिळालं ते यापेक्षा बरं होतं ना? वरचं सगळं माझ्या घरातून येत होतं. ही दुमड." तिने खालून एक तुकडा उचलून कड दुमडून दाखवली. "दिसत नाही. पण नसली की असं होतं. आता तुम्हीच सांगा, यातलं काय काढू?"

क्लार्क बोटं पुसत राहिला. आणि ग्रंथपाल बाईंना कधी नव्हे तो कंठ फुटला. "छापखाना शिवत नाही, साहेब. नुसता चिकटवतो. मागे तीस दिली होती, परीक्षेच्या आधीच पानं मुलांच्या हातात आली. जाड संदर्भग्रंथ मी त्याला देणार नाही. सही माझी लागते."

क्लार्कने ग्रंथपाल बाईंकडे असं बघितलं, जणू कपाटच बोललं. मग तो सावरला, खुर्चीत मागे रेलला आणि व्यवहारी माणसाचं गोड हसू आणून म्हणाला, "ठीक. मध्यम मार्ग काढू. कथा-कादंबऱ्या छापखान्याला. जाड तीनशे तुम्हाला. तुमच्याच दराने, पंच्याण्णव. झालं समाधान?"

इथे नव्व्याण्णव बायका हो म्हणून घरी गेल्या असत्या. तिचंही तोंड उघडलं होतं. पण महिनाभर आकड्यांबरोबर राहिल्यावर माणसाला वाईट सवय लागते. तिने मनातल्या मनात भाग दिला.

"तीनशेला पंच्याण्णव नाही बसत. एकशे पंधरा."

"काय?" क्लार्क उठूनच बसला. "बाई, घासाघीस करताना लोक खाली येतात. तुम्ही वर चालला!"

"मी कुठेच चालले नाही. खोलीला काय कळतं आज पुस्तकं किती आली ते? घरमालक म्हणणार आहे का, की यंदा काम निम्मं, भाडं निम्मं द्या? सहाशे असताना एकेकाच्या वाट्याला वीस येत होते. तीनशेच्या वाट्याला चाळीस. मोठ्या घरातली माणसं कमी झाली की उरलेल्यांच्या डोक्यावर भार वाढतो, तसंच."

"हा तर अडवून घेण्याचा प्रकार झाला!"

"सहाशे द्या, पंच्याण्णव घ्या. तीनशे द्या, एकशे पंधरा. दोन्ही दर त्या कागदावर लिहून देते. मन मानेल तो निवडा."

तिने खरंच दुसरा दर खाली लिहिला, सही केली, डिरेक्टरीची पानं गोळा करून पिशवीत भरली आणि निघाली.

आठ दिवस काही निरोप नाही. नवरा रोज जेवताना कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलायचा. "काही लोकांना चालतं काम बंद पाडायची हौस असते."

"काही लोकांना उंबऱ्यावर उभं राहून दर सांगायची असते," ती म्हणायची.

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगितला होता."

"म्हणून तर अकरा वर्षं कळलं नाही."

सातव्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "नव्वद म्हणून बघतेस का?" तिने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि विचारलं, "कशातून पाच काढू? तुमच्या टीव्हीच्या वेळेतून काढते. चालेल?" त्याने पोळी खाल्ली. विषय संपला. पण त्या दुपारी पडदा ओढलेल्या खोलीत ती रिकाम्या टेबलाशी बराच वेळ उभी होती, आणि सासूबाई, ज्या कधी त्या खोलीत यायच्या नाहीत, येऊन तिच्याजवळ स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "नाही आलं काम तर नाही. फुकट मरायचं ते निवांत मरू." यापेक्षा मायेचं त्यांना बोलता येत नसे.

नवव्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला. जाड तीनशे, एकशे पंधराने. खाली ग्रंथपाल बाईंची सही, आणि क्लार्कची त्याहून बारीक.

नवऱ्याने निरोप दोनदा वाचला. मग पेन्सिल घेतली. "सहाशेला मिळायचे अठ्ठावीस हजार आठशे. तीनशेला..." त्याची पेन्सिल थांबली. "चौतीस हजार पाचशे? काम निम्मं आणि पैसे जास्त? कसं काय?"

"आधी दुसऱ्यांच्या घरची मीटरं वाचून संपवा, मग सांगते."

दोन दिवसांनी टेम्पो आला. तिने दारातच पुस्तकं मोजून उतरवून घेतली आणि एकेक उघडून बघितलं. क्लार्कने आपला हिशेब चुकता केला होता: दोन जाडजूड खंड वाळवीने असे खाल्ले होते की मधे हात घातला तर पलीकडून बोटं दिसत. शिपाई नजर चुकवत पावती पुढे करत होता.

"सहीच करा ना बाई. साहेब म्हणाले, तीनशे म्हणजे तीनशे."

"दोनशे अठ्ठ्याण्णव लिही."

"अहो, दोनच तर आहेत!"

तिने ते दोन खंड वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळीने घट्ट बांधले आणि वर चिठ्ठी लावली: 'वाळवी. पानाला पान जोडायचं काम. दर वेगळा, बघून सांगेन. बघायला येण्याचे वीस.'

शिपायाने चिठ्ठी वाचली. ओठ दाबून हसू आवरलं आणि गठ्ठा उचलला.

"साहेब चिडतील हो."

"चिडू देत," ती म्हणाली आणि पावतीवरचा तीनशेचा आकडा खोडून, बाजूला दोनशे अठ्ठ्याण्णव लिहून, त्याखाली सही केली.